हळदीच्या पत्रिकेला आवाज नव्हता

मित्रांनो, मला वजन नाही आणि मला हातही लावता येत नाही. तरी मी चौदा वर्षांचे आहे, आणि आमच्यात हे वय म्हणजे म्हातारपणच. मी धारवाडच्या एका हरिकथा मंडळीचे जुने संकेतस्थळ आहे.

मला घडवले कुसुमा टीचरांनी. त्या तंत्रनिकेतनात शिकवत आणि एकादशीची कथा कधी चुकवत नसत. संकेतस्थळ कसे बांधावे याचे जगभर ठरलेले नियम आहेत. शीर्षक हे शीर्षक म्हणूनच लिहावे, भरायच्या प्रत्येक चौकटीला तिचे नाव जोडावे, चित्र कशाचे आहे ते त्याच्यामागे शब्दांत ठेवावे. टीचरांनी ते सगळे पाळले. कथेत आधी नमन, मग निरूपण, मग आख्यान, शेवटी मंगळारती. हा क्रम ठरलेला असतो, म्हणून उशिरा येऊन मागे बसलेल्यालाही आपण कुठवर आलो ते कळते. माझेही तसेच होते. दिसायला मी साधे, पांढऱ्यावर काळे. पण ज्यांना दिसत नाही त्यांना त्यांचा फोन माझ्यातला मजकूर मोठ्याने वाचून दाखवी, आणि माझे एकही अक्षर वाया जात नसे.

असे ऐकणाऱ्यांत गदगच्या नागवेणीअक्का होत्या. त्यांना जन्मापासून दृष्टी नाही. अठरा वर्षे त्या दुसऱ्यांच्या कथेत मागे उभ्या राहून झांज वाजवत, ध्रुपद धरत. आमच्या मंचावर एकदा तरी स्वतःची कथा सांगावी, एवढीच त्यांची इच्छा.

मग मंडळीला पन्नास वर्षे झाली आणि मला नवे रूप द्यायचे ठरले. त्यासाठी हुबळीचा प्रज्वल आला. चिटणीस वेंकोबाचारांनी छापील आमंत्रणपत्रिका त्याच्यापुढे ठेवली.

“हीच दिसली पाहिजे. चारी कोपऱ्यांना हळद लावलेली. नुसती अक्षरं टंकलीस तर लोक विचारतील, कोण गेलं?”

“मग फोटोच चढवतो, काका. अर्जही तसाच करू, सोनेरी. आणि उघडल्याबरोबर शंख.”

“शाब्बास! लग्नघर वाटलं पाहिजे.”

वाटलेही. लोकांनी कौतुक केले. मीसुद्धा थोडे फुगले, खोटे का बोलू? पण आता तारखा, वेळा, चौकटींची नावे, सगळे त्या चित्रात अडकले होते.

उत्सवात नव्या कथाकारांना सात जागा होत्या. अर्ज फक्त माझ्यातून, आणि आधी भरेल त्याला जागा. पहिल्याच सकाळी नागवेणीअक्कांनी मला तीनदा उघडले. तिन्ही वेळा शंख वाजला आणि त्यांच्या फोनचे बोलणे त्यात बुडून गेले. चौथ्यांदा त्यांनी शंख संपेपर्यंत वाट पाहिली आणि अंदाजाने नाव घातले, ते पडले गावाच्या चौकटीत. दुपारपर्यंत सहा जागा भरल्या. तेव्हा त्यांनी चिटणिसांना फोन लावला.

“आचार, तुमचं संकेतस्थळ मुकं झालंय.”

“मुकं? अहो अक्का, दारातच शंख वाजतो!”

“तोच तर दुसऱ्याला बोलू देत नाही. थांबा, मी बोट फिरवते. तुम्हीच ऐका.”

वेंकोबाचारांना ऐकताना डोळे मिटायची सवय. त्यांनी ते मिटले. पलीकडून अक्कांच्या फोनचा कोरडा आवाज आला: ‘चित्र. चित्र. चौकट. चौकट. लाल चौकटी दुरुस्त करा.’

“यातल्या लाल कुठल्या हो, आचार?” अक्कांनी विचारले.

आचारांनी डोळे उघडले. श्रवण ही पहिली भक्ती, असे ते प्रत्येक कथेआधी सांगत. आपल्याच मंडळीची पत्रिका कानांना बंद आहे, हे त्यांना आज कळत होते.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुमचं नाव मी इथून घालतो. सातवी जागा तुमची.”

“नको. माझ्यासारख्या आणखी आहेत गदगात, त्यांचं कोण घालणार? दार नीट करा. मी माझ्या पायांनी येईन.”

आचारांनी अर्ज थांबवले आणि प्रज्वलबरोबर कुसुमा टीचरांनाही बोलावून घेतले.

“सगळं साधं दिसेल, काका,” प्रज्वल कुरकुरला.

“हळद राहू दे की रे,” टीचर म्हणाल्या. “तिच्याखाली अक्षरं लिही, एवढंच. आणि तो शंख आधी बंद कर, माझंही डोकं उठलंय.”

दोन दिवसांत चौकटींना नावे जोडली गेली. ‘लाल’च्या जागी ‘गावाचे नाव राहिले आहे’ असे सरळ शब्द आले.

शनिवारी दहाला अर्ज पुन्हा उघडला. चार मिनिटांत सातवी जागा भरली. भरली ती पार्वतव्वाने. ती अक्कांचीच शिष्या, आणि त्यांच्यासारखीच दृष्टी नसलेली. अक्कांचा अर्ज दोन मिनिटे उशिरा पोहोचला.

“त्या दिवशी हो म्हटलं असतंत तर…” आचार फोनवर हळहळले.

“आज माझी बोटं हळू चालली म्हणून जागा गेली, आचार. असं हरायलासुद्धा मला आजवर कुणी दिलं नव्हतं.” अक्का हसल्या. “आणि पोरीच्या मागे ध्रुपद धरायला कुणी नको का?”

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारखी स्थळे बांधेल. खुशाल सजवा, ती हळद मला अजूनही आवडते. पण लोकांपुढे मांडण्याआधी एकदा डोळे मिटा आणि फोनला ते मोठ्याने वाचायला लावा. जिथे तुम्ही अडाल, तिथूनच कुणीतरी परत फिरणार आहे. तेवढे दुरुस्त करा, आणि नंतरही अधूनमधून ऐकत राहा. पुढच्या उत्सवाचे अर्ज आश्विनात सुरू होतील. नागवेणीअक्का त्या दिवशी दहाच्या आधीच माझ्या दारात उभ्या असतील, आणि तेव्हा मला नीट बोलता आले पाहिजे.