गुडवाइगचा बुनाड

माझी बायको गुडवाइग ऑगस्टमध्ये गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. मी सांगतोय ते त्याच्या आधीच्या वसंतातलं आहे.

आमच्या फ्योर्डवर, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या काठी, बाईला बुनाड एकदाच शिवतात. जाड लोकरीचा सणाचा पोशाख, जन्मभर पुरेल असा. अंग भरेल तसा सैल करता यावा म्हणून शिवणीत भरपूर माया ठेवतात. गुडवाइगने चाळीस वर्षं गावातल्या बायकांचे बुनाड सैल करून दिले. सतरा मेला, आमच्या देशाच्या सणाला, मुलांची मिरवणूक शाळेपासून चर्चपर्यंत जाते. बुनाड घालून तिच्यामागे चालत जायचं, एवढंच तिला त्या वर्षी हवं होतं.

मार्चमध्ये तिने तो घालून पाहिला. हुक लावले आणि ती वळली. बुनाड वळला नाही.

"सगळ्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, कपाटात राहून आटला गं," ती म्हणाली. "माझा कपाटात वाढला. कात्री दे, आत घेते."

"नको. आहे तसा राहू दे. तू भर त्यात."

मी तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनावर काम केलं. इंजिन दमलं की टाकीत तेल आहे का ते बघायचं, एवढं मला कळतं. ती अडुसष्ट किलोवरून पन्नासवर आली होती. मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या होत्या. मी तिच्या कॉफीत साय घातली, माशाच्या सूपमध्ये लोणी, बटाट्यात दोन्ही. चमचा घेऊन समोर बसायचो.

"अजून एक घास."

"टोर्लाइफ, मी काय नाताळला कापायचं डुक्कर आहे?"

"एकच."

ती गिळायची आणि न्हाणीघरात जाऊन ओकायची. तरी मी थांबलो नाही. वर तिची शिवणाची पेटी उचलून नावेच्या शेडमध्ये ठेवून आलो. बुनाड आत घेतला म्हणजे ती आता भरणार नाही हे मान्य केलं, असं मला वाटायचं.

एप्रिलमध्ये नर्स सोलरुन घरी आली तेव्हा आमची चांगलीच जुंपली होती. बशी जमिनीवर पडली होती. सोलरुनने आधी ती उचलली.

"ती खात नाही म्हणूनच वाळतेय असं नाही," ती मला म्हणाली. "आजारच तिचे स्नायू खातोय आणि भूकही मारतोय. बादलीभर साय ओतलीस तरी गेलेलं परत येणार नाही."

"मग काय, नुसता बघत बसू?"

"बसतोस कशाला? मळमळीचं औषध मी डॉक्टरांकडून बदलून घेते. तिला हवं ते दे, थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. नको म्हणाली की बशी उचल. आणि रोज तिला खुर्चीतून उठायला लाव. उरलंय ते वापरात राहिलं पाहिजे."

गुडवाइग माझ्याकडे बघत होती. "ऐकलंस ना? आता माझी पेटी आण."

मी शेडमध्ये गेलो. पेटी आणली.

तिच्या बोटांत कात्री धरायची ताकद नव्हती. उसवायचं काम माझ्याकडे आलं.

"बोल्ट काढतोयस का? धागा आहे तो."

"मग तूच कर."

"करू शकले असते तर तुझ्या हातात दिला असता होय?"

तीन आठवडे लागले. दोन्ही बाजूंनी चार चार बोटं कापड आत गेलं. मी टाके घालायचो, ती बघायची, अर्धे परत काढायला लावायची. रोज सकाळी नऊ वाजता ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून उठायची आणि बसायची. पहिल्या दिवशी दोनदा, तेही टेबलाला धरून. मेच्या सुरुवातीला हात न लावता पाचदा. वजन वाढलं नाही. एक किलो आणखी गेलं.

सतरा मेला तिने चांदीचे दागिने घरीच ठेवले, जड होतात म्हणून. गळ्याशी एकच पिन लावली. मी घडीची खुर्ची काखेत मारून बरोबर निघालो. शाळा ते चर्च सहाशे मीटर. दोनदा ती बसली. दुसऱ्यांदा बँड पुढे निघून गेला, मुलंही गेली. मी हात पुढे केला.

"हात खिशात घाल," ती म्हणाली.

मी घातले. ती उठली. पहिल्या झटक्यात नाही, तिसऱ्या. आम्ही पोहोचलो तेव्हा भाषण संपत आलं होतं. चर्चच्या भिंतीला टेकून तिने आइस्क्रीम मागितलं, तीन चमचे खाल्लं आणि कप माझ्याकडे दिला. "अजून एक घास" माझ्या ओठांवर आलं होतं. चौथा चमचा मी स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून मान उचलवत नव्हती. मी तिला झोपू दिलं. एकोणीस तारखेला सकाळी नऊला ती स्वयंपाकघरात आली, भिंतीला धरत धरत, आणि खुर्चीत बसली.

"हं," ती म्हणाली, "मोज."

त्या दिवशी एकदाच उठणं झालं.