न ऐकलेला आवाज

कल्लाप्पा मास्तरांना गाताना चंदनबालेने कधीच ऐकलं नाही. १९४० साली वडील तिला त्यांच्याकडे घेऊन गेले, तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मास्तरांचा आवाज जाऊन चार वर्षं झाली होती. नाटक कंपनीत उभा जन्म गायलेला हा माणूस घशाच्या दुखण्यानंतर नुसता पुटपुटायचा. सांगलीत कृष्णेच्या घाटाजवळ दोन खोल्यांत एकटाच राहायचा.

"ज्याला आवाज नाही तो गाणं काय शिकवणार?" असं वडिलांच्या हळदीच्या पेढीवर सगळेच म्हणाले. वडील म्हणाले, "दोन महिने बघू." त्या दोन महिन्यांची पाच वर्षं झाली.

मास्तर पेटीवर सूर देत आणि बाकीचं हाताने सांगत. तळहात हवेतून सावकाश खाली यायचा, मध्येच थबकायचा, आणि मग पाण्याला बोट लावावं तसा गंधारावर टेकायचा. तिचं चुकलं की ते खिडकीबाहेर बघत बसत. बरोबर आलं तर शाबासकी नाही, फक्त पुढची ओळ. एकदा गाण्यातल्या एका जागेवर अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मास्तर, तुम्ही हे कसं म्हणत होता, ते तरी सांगा."

मास्तरांनी पेटीवरचा हात काढला. मग ओठ हलले. "तू म्हण. मला ऐकायचंय."

पंचेचाळीस साली तिचं लग्न होऊन ती साताऱ्याला आली. नवरा धन्यकुमार कापडाचा व्यापारी, शांत माणूस. तिच्या गाण्याला त्याची ना नव्हती. पुढच्या भाद्रपदात मास्तर गेल्याचं कार्ड आलं, ते तिसऱ्या दिवशी. ती सांगलीला पोचली तेव्हा घरात एक म्हातारी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हाताने भिंत धरून वावरत होती.

"मी बनुबाई. कल्लाप्पाची थोरली भैन," ती म्हणाली. "जतकडनं आले. तू शिकणारी पोर न्हवं? तंबोरा घिऊन जा बाई. हितं कुणाच्या कामाचा न्हाई."

बनुबाई चूल पेटवायला आत गेली. चंदनबाला तंबोऱ्याशी बसली. तारा उतरल्या होत्या, त्या तिने लावल्या, आणि लावता लावता नकळत गात त्या अकरा दिवसांच्या जागेपाशी आली. स्वर खाली आला, थबकला, टेकला.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बनुबाई दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कल्लू?" ती म्हणाली. "कवा आलास रं?"

म्हातारीने चाचपत येऊन तिच्या गळ्यावर हात ठेवला, बांगड्या चाचपल्या, आणि मटकन खाली बसली.

"बारा वर्साचा व्हता, कंपनीसंगं गेला तवा. आवाज फुटला नव्हता अजून. गोठ्यात बसून म्हणायचा. हितंच थांबायचा. मला वाटायचं इसरला. मग हळूच उचलायचा. त्यानंतर म्या त्याचं गाणं ऐकलं न्हाई. आज ऐकलं."

तंबोरा घेऊन चंदनबाला साताऱ्याला परतली, पण तिला गाता येईना. तोंड उघडलं की वाटे, आपल्या आधी कुणीतरी श्वास घेतला. ती जागा टाळून गाऊन पाहिलं, तरी गळा आपणहून थबके. जो आवाज तिने जन्मात ऐकला नाही, तो तिच्याच घशात राहत होता. मग तिचा स्वतःचा कुठे होता? तंबोऱ्याला तिने खोळ घातली. धन्यकुमार एकदा म्हणाला, "घर मुकं झालंय."

सहा महिन्यांनी जतहून पत्र आलं. बनुबाईने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: लय आजारी हाय. एकदा ऐकव.

ती गेली. म्हातारी गोठ्याशेजारच्या खोलीत बाजेवर पडली होती. चंदनबाला भीत भीतच गायली. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती, मान हलवत होती. थबकण्याची ती जागा मागे पडल्यावर मध्येच तिने हात वर केला.

"हे पुन्यांदा म्हण."

चंदनबालेने म्हटलं.

"हे त्याचं न्हाई."

"चुकलं का?"

"चुकलं कशाला? तो हितनं सरळ वर जायचा, घाईनं. तू वळसा घिऊन जातीस. ही जागा तुझी हाय."

मास्तरांनी तो वळसा कितीदा ऐकला असेल. एकदाही त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा चंदनबालेने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"रड मागनं," बनुबाई म्हणाली. "आदी म्हण. त्याचं बी म्हण, तुझं बी म्हण."

म्हातारी आणखी नऊ दिवस जगली. चंदनबाला तोवर तिथेच राहिली आणि रोज गायली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर साताऱ्यात तिच्याकडे दोन मुली शिकायला येऊ लागल्या. गाताना आपल्या आधी कुणीतरी श्वास घेतं, हे तिला पुढेही जाणवत राहिलं. ती क्षणभर त्याला वाट देई, आणि मग सुरू करी.