सुनंदा सिस्टरची दिवसपाळी

“नीट विचार कर हं सुनंदा,” ड्यूटी लिस्टवरून नजर न काढता मेट्रन मॅडम म्हणाल्या. “एकदा लिस्ट लागली की वर्षभर बदल नाही. परत नाइट मागायला आलीस तर मी ऐकायची नाही.”

“विचार करूनच आले, मॅडम. मला दिवसपाळी द्या.”

मॅडमनी चष्मा काढला. अकरा वर्षांत या बाईने कधी दिवस मागितला नव्हता. घाटकोपरच्या त्या पालिकेच्या इस्पितळात नाइट लागली की बाकीच्या नर्सेसना पोटदुखीपासून चुलतसासऱ्याच्या बाराव्यापर्यंत सगळं आठवायचं. सुनंदा मात्र त्यांच्याही नाइट हसत अंगावर घ्यायची.

“घरी काही झालं का?”

“मुलीच्या घशाचं जरा...” सुनंदा म्हणाली. घशाला तर काहीच झालं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी नंदूच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. नंदू सातवीत. बाई म्हणाल्या, “हुशार आहे हो पोर, पण आवाजच फुटत नाही हिचा. दुसऱ्या बाकापलीकडे ऐकू जात नाही. घसा दाखवून घ्या एकदा.” सुनंदाने घरी बॅटरी लावून स्वतः घसा बघितला, दोन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, आणि तिसऱ्या दिवशी तिला आपल्याच इस्पितळाच्या ओपीडीत नेऊन उभी केली. डॉक्टर म्हणाले, ‘आ’ म्हण. नंदूने हळूच ‘आ’ म्हटलं. मोठ्याने म्हण, म्हणाले. नंदूने आईकडे पाहिलं आणि तेवढ्याच हळू म्हटलं.

“घसा एकदम स्वच्छ आहे, सिस्टर,” डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. “घरी कोणी आजारी असतं का? अंथरुणाला खिळलेलं वगैरे?”

“नाही हो, कोणीसुद्धा नाही.”

इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना सुनंदाचे पाय मध्येच थांबले. अंथरुणावरचं माणूस घरात होतं की! रोज सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत होतं.

नंदू दीड वर्षाची असताना सासूबाई गावी परतल्या, तेव्हा सुनंदाने नाइट मागून घेतली. नवरा, काशीराम, दिवसाच्या पाळीला गिरणीत. पुढे संपात गिरणी बुडाली आणि तो भांडुपच्या कारखान्यात लागला, तोही दिवसाच. म्हणजे रात्री पोरीजवळ बाप, दिवसा आई. सोय झकास होती. “माझी पोर काही शेजारपाजारी वाढत नाही हो,” ती चाळीत तोऱ्यात सांगायची, “मी असते ना दिवसभर घरात.” असायची, खोटं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर पदर ओढून झोपलेली असायची. आणि त्या एका खोलीत पोर बिनआवाजाची वाढली. दाराची कडी दोन बोटांनी उचलायला शिकली. वाटी ठेवताना खाली करंगळी घालायला शिकली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत तो उतरवायला शिकली. शेजारणी म्हणायच्या, किती गं शहाणी! सुनंदालाही केवढं कौतुक वाटायचं. आता ते कौतुक आठवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

तिने दिवसपाळीचं सांगितलं तेव्हा काशीराम कपाळ खाजवत म्हणाला, “तुका झेपात तां कर गो. पण चेडवाक इचारलंस?”

“तिला काय विचारायचं? उड्या मारील ती.”

सोमवारी अकरा वर्षांनी सुनंदा उजेडात ड्यूटीवर गेली. दिवसाचा वॉर्ड म्हणजे नुसता बाजार: राउंड, नातेवाईक, डबेवाले, आयाबायांची भांडणं. पण तिचं चित्त घड्याळात. तिला घरी जाऊन पोरीचं सगळं सगळं ऐकायचं होतं. कोणाशी कट्टी, कोणाशी दोस्ती, कुठली बाई चिडकी. भुकेल्या माणसाला जेवणाची लागावी तशी तिला त्या बोलण्याची ओढ लागली होती.

साडेतीनला ती चाळीचा जिना चढत होती, तोच वरून आवाज आला.

“थांब! हललास तर गोळी घालीन! माझ्या हद्दीत चोरी करतोस?”

सुनंदा जागीच उभी राहिली. आवाज तिच्याच खोलीतून येत होता. खणखणीत, भरदार, खालच्या नळापर्यंत पोचेल असा. आणि तो नंदूचा होता.

शेजारची शेवंती गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. “शाळेच्या नाटकातला इन्स्पेक्टर चाललाय तुझ्या लेकीचा,” ती हसून म्हणाली. “हिला घेतलं नाही त्यात, आवाज नाही म्हणे! पण सगळ्यांचं पाठ आहे हिला. जेवल्यापासून नुसती गाजवतेय बघ.”

सुनंदाने दार लोटलं. बापाची टोपी घालून, लाटणं रोखून नंदू उभी होती. आईला बघताच तिने लाटणं अलगद खाली ठेवलं.

“आलीस?” ती कुजबुजली. “गादी घालू?”

“नको गं राणी. झोपायला नाही आले मी. म्हण ना, तो इन्स्पेक्टर काय म्हणतो?”

नंदूने तोंड उघडलं. “थांब...” तेच, दुसऱ्या बाकापर्यंतही न जाणारं. तिने घसा खाकरला, मुठी आवळल्या, पुन्हा म्हणून पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले.

“आई, तू असलीस की येतच नाही गं.”

सुनंदाला वाटलं, पोरीला पोटाशी धरावं आणि ओक्साबोक्शी रडावं. अकरा वर्षं कोणाकडे मागायची? पण ती रडली नाही. “बरं,” ती म्हणाली, “मी बाहेर बसते. तू म्हण. मला ऐकायचंय सगळं.”

“मोठ्याने?”

“आणि काय, चाळ हलू दे.”

ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. शेवंतीने सूप सरकवून तिला जागा करून दिली. सुनंदा पांढऱ्या साडीनिशी तशीच जमिनीवर बसली, दाराला पाठ टेकून. आत बराच वेळ काहीच नव्हतं. मग एक बारीकसा “थांब” आला. मग जरा मोठा. मग चोर पळाला, शिट्टी वाजली, आणि इन्स्पेक्टरचा आवाज चढत चढत गॅलरीत आला.

अजून, अजून मोठ्याने, असं तिला दारातून ओरडून सांगावंसं वाटलं. पण आपण इथे आहोत हे पोरीला आठवेल, म्हणून ती बोलली नाही.