जोत्याखालची पिल्लं

सकाळी कामावर आल्या आल्या ओळंब्याचं डोकं फिरलं. नव्या इमारतीच्या मागच्या बाजूला, जोत्याला लागून, त्यानं काल संध्याकाळी काँक्रीटची पट्टी टाकून घेतली होती. थापीचा शेवटचा हात तर त्यानं स्वतः फिरवला होता. आणि आता त्या पट्टीवर पंजांचे ठसे उमटले होते, ओरखडे होते, एका ठिकाणी कुणीतरी चक्क उकरायचा प्रयत्न केला होता.

ओळंबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गवंड्यांनी आपल्या वजन बांधलेल्या दोरीचं ते नाव त्याला पाठीमागे ठेवलं होतं, कारण भिंत केसभर जरी कलली तरी त्याला झोप लागत नसे, आणि आपल्याला लागत नाही म्हटल्यावर तो इतरांनाही लागू देत नसे. घरं, गोदामं, शाळा, सगळं बांधून झालं होतं त्याचं. हे काम मात्र घरचं होतं. थोरली बहीण जनावरांची डॉक्टर. जखमी रानटी प्राण्यांना बरं करून परत रानात सोडायचं केंद्र ती चालवायची. जुनी जागा म्हणजे हमरस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड; ट्रकचा हॉर्न वाजला की आतली हरणं भिंतीला धडका द्यायची. टेकडीच्या पायथ्याशी नवी जमीन मिळाली तेव्हा ताईनं दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. छोट्या, तू बांध, एवढंच म्हणाली. छोट्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत, पण ताईच्या लेखी तो अजून चड्डी सावरत पळतो.

नासधूस कुणी केली हे शोधायला लांब जावं लागलं नाही. पट्टीच्या टोकाला एक कोल्हीण उभी होती. तो तिला ओळखत होता. गाडीखाली येता येता वाचलेली, जुन्या शेडमध्ये बरी झालेली, तिथंच व्यालेली. थोड्या दिवसांपूर्वी ताईनं तिला पिल्लांसकट इथल्या जाळीच्या आवारात आणलं होतं आणि आवाराचं दार सताड उघडं ठेवलं होतं. तिला वाटेल तेव्हा तिनं जावं, माणसानं पाठ फिरवून बसावं, अशी ताईची रीत.

त्यानं दगड उचलला. कोल्हीण पळायला हवी होती. ती पळाली नाही. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग पट्टीला नाक लावलं आणि पुन्हा उकरायला लागली. पंजांतून रक्त येत होतं. दिवसाढवळ्या, माणसाच्या समोर, असं रानातलं जनावर वागत नाही, एवढं बहिणीच्या नादानं त्यालाही कळायला लागलं होतं. पण राग मोठा होता. तुझ्या पेशंटनं माझं काम नासवलं, ये आणि बघ, म्हणून त्यानं ताईला फोन लावला.

ताई चहाचा कप हातात घेऊनच आली. तिनं आधी कोल्हिणीकडे पाहिलं, मग पट्टीकडे, आणि कप कठड्यावर ठेवायला गेली. कप कठड्याच्या बाहेरच सुटला आणि फुटला. तिचं लक्षही गेलं नाही.

"इथं भोक होतं," ती म्हणाली.

"होतं ना. जोत्याखालची माती उकरली होती. भटकी कुत्री असणार. मीच दगड ठासून भरले आणि वर काँक्रीट टाकलं. उद्या पाया खचला असता तर—"

"छोट्या, तिची पिल्लं आत आहेत."

त्याच्या हातात अजून दगड होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

मग दोघं भांडली. आवाज चढवायची सोय नव्हती, कारण कोल्हीण झुडपाआड जाऊन बसली होती आणि तिला पळवून लावणं परवडणार नव्हतं. त्यामुळे दात-ओठ खात, कुजबुजत भांडली. आवारातून कोल्हिणीनं पिल्लं उचलून जोत्याखाली नेली हे ताईला ठाऊक होतं. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, ना मदतनिसाला, ना घरी नवऱ्याला. रानातल्या आईनं पिल्लं कुठं ठेवलीत हे बोलायचंच नाही, हा तिथला नियम. एकाला सांगितलं की तो फक्त एकदाच डोकावून येतो, आणि आई जागा सोडते.

"मी काय परका होतो? एक शब्द बोलली असतीस."

"बोलले असते तर तू बघायला गेला असतास."

खरं होतं ते. गेला असता. जुन्या शेडमध्ये घुबडाची पिल्लं बघायला पडदा बाजूला सारला म्हणून त्यानं ताईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तिला न सांगायची सवय, त्याला फट दिसली की बुजवायची सवय, आणि दोन्ही सवयींचा दोघांनाही अभिमान. त्या अभिमानाखाली कोल्हिणीची पिल्लं गाडली गेली होती. याउपर कुणाचं किती चुकलं हे मोजत बसण्यात अर्थ नव्हता, आणि ते दोघांनाही कळलं.

तेवढ्यात फाटकाशी माणसं यायला लागली. मुकादमाला गोष्ट कळली तसा तो म्हणाला, ब्रेकर मशीन लावू, चुटकीसरशी फोडून देतो. ओळंबा हो म्हणणार होता. मग त्याला जोत्यातला भराव आठवला. एका बाजूला अजून सैल होता तो, पोकळी राहिली होती, आणि म्हणून तर कोल्हिणीला ती जागा आवडली असणार. मशीनच्या हादऱ्यानं सगळी माती बसली असती. त्यानं सगळ्यांना माघारी पाठवलं आणि फाटक लावून घेतलं.

पिल्लं नेमकी कुठं आहेत हे आधी कळायला हवं होतं. ताई तपासणीच्या खोलीत गेली, चपला काढल्या आणि नव्या कोऱ्या फरशीवर पालथी पडली. ज्या फरशीवर ओळंबा गवंड्यांनाही पाय पुसल्याशिवाय येऊ देत नसे, तिच्यावर मातीच्या कपड्यांनी सरपटत ती एकेका फरशीला स्टेथोस्कोप लावत सुटली. फरशीपर्यंत उतरलेल्या खिडकीपाशी, भिंतीजवळ, तिचा हात वर झाला. तिनं नळ्या त्याच्या कानात घातल्या. आधी त्याला स्वतःचंच काळीज ऐकू आलं. मग त्यामागून एक बारीक आवाज आला, काचेवर ओलं बोट घासावं तसा. मग दुसरा.

"जिवंत आहेत," तो म्हणाला आणि तिथंच फतकल मारून बसला.

फरशी उचकटावी, हात घालावा, पिल्लं बाहेर काढावीत, हे सगळ्यात सोपं होतं, आणि त्यानं ते सांगितलंही. ताई ऐकेना. माणसानं काढलेली पिल्लं बाटलीच्या दुधावर वाढतील, माणसाला ओळखतील, आणि मोठी झाली की माणूस दिसला की त्याच्याकडे धावत जातील. पुढं त्यांचं काय होतं ते तिनं बऱ्याचदा पाहिलं होतं. माणूस दगड उचलतो. हे ती सहज बोलून गेली, पण त्याला ते लागायचं तिथं लागलं. आईनंच न्यायला हवीत, ताई म्हणाली. भोक होतं तिथंच उघड, बाहेरून, हातानं. आणि कोल्हिणीनं आशा सोडायच्या आत. ती एकदा गेली की गेली.

ओळंब्यानं छिन्नी-हातोडी हातात धरून किती वर्षं झाली होती कोण जाणे. तो पट्टीशी गुडघे टेकून बसला. ताई आत फरशीवर, कानात नळ्या घालून. माती ढासळल्याचा आवाज आला तर तिनं खिडकीच्या काचेवर टिचकी मारायची आणि त्यानं थांबायचं, असं ठरलं.

पहिल्या घावाबरोबर आतले आवाज बंद झाले.

त्यानं काचेतून पाहिलं. ताईनं मान हलवली, काही नाही. डोक्यावर काही आदळलं की पिल्लं गप्प होतात, आईच शिकवते त्यांना तसं. पण मेलेली पिल्लंही गप्पच असतात. यातलं आत काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. तो घाव घालत राहिला. काँक्रीट एका रात्रीचंच, पण त्याच्या हाताखालचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण चोर कंत्राटदार असतो तर किती बरं झालं असतं. सिमेंटमध्ये हात आखडला असता तर एव्हाना नखांनी उकरून मोकळा झालो असतो. इथं छिन्नी उसळत होती आणि नुसती खपली निघत होती. तळहाताला फोड आले आणि फुटले. झुडपाआड कोल्हीण आहे की गेली हे बघायला मान वळवायचीही त्याला भीती वाटत होती.

काचेवर टिचकी वाजली. हातोडी हवेत धरून तो तसाच राहिला. आत ताई डोळे मिटून पडली होती, हाताचा पंजा त्याच्या दिशेनं पसरलेला. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. मग पंजा हळूच खाली आला, म्हणजे कर, पण जपून.

त्यानं छिन्नी बाजूला टाकली. वरचा थर तुटला होता. खाली त्यानं स्वतः भरलेले दगड होते. एकेक हातानं काढायचा. त्यातला शेवटचा काल आत जाईना तेव्हा त्यानं पहार घेतली होती आणि जोरानं घाव घालून तो बसवला होता, तेही आता आठवलं. तो दगड निघता निघेना. नख उलटलं, त्यानं ओठ चावला. अखेर दगड सुटला आणि आतला गार वारा तोंडावर आला. त्याला ओल्या मातीचा आणि दुधाचा वास होता.

हात आत घालावा असं त्याला इतकं वाटलं की तो कोपरापर्यंत पुढं गेलासुद्धा. काचेआड ताईची मान हलली. तो गुडघ्यांवर मागे मागे सरकत कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथून पळत आत आला.

खिडकीशेजारी भिंतीला पाठ लावून दोघं बसली. बाहेर बघायचं नाही. नळ्यांचं एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या, लहानपणी एकाच रेडिओचे इअरफोन वाटून घ्यायची तशी. बराच वेळ काहीच नव्हतं. मग खरवडल्याचा आवाज आला. मग एकदम सगळी पिल्लं ओरडायला लागली.

ताईनं त्याचा हात असा आवळला की फोडांवर तिडीक उठली. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

कोल्हिणीला आता ती जागा नको होती. तिनं एक पिल्लू नेलं. परत आली, दुसरं नेलं. पुन्हा आली. त्या खेपेला ती बराच वेळ आत होती, धुसफुसत, ओढाताण करत. मग ते आवाजही थांबले आणि ती बाहेर गेली.

एक आवाज मागे राहिला.

दुपार उतरली. काढू का, त्यानं विचारलं. ताई नाही म्हणाली. येईल, विसरत नाहीत त्या. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, आणि ती पुन्हा नाही म्हणाली, पण आवाज तितका ठाम नव्हता. उन्हं कलली. नळीतला आवाज मधे मधे थांबायला लागला. शेवटी ताई उठली आणि हातमोजे चढवले.

"काढ," ती म्हणाली.

तो पट्टीवर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना ऊब लागली. पिल्लू येईना. त्यानं चाचपलं. आत खोलवर, पहारीनं ढकलल्या गेलेल्या एका दगडाखाली पिल्लाचा मागचा पाय अडकला होता. मानेवरची लव ओलीचिंब होती. आईनं दातांत धरून ओढायचं तेवढं ओढलं होतं. ती विसरली नव्हती, तिनं सोडूनही दिलं नव्हतं. तिला जमलं नव्हतं. त्यानं दगड कलता केला आणि पिल्लू बाहेर काढलं. मूठभर जीव. ताईच्या हातात देताना त्याला तोंड वर करवेना.

तपासणीच्या टेबलावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ताईनं ते फाडलं, दिवा ओढून घेतला, पाय तपासला. तिचे हात एरवीसारखे चालत होते.

"चालेल ना ते?" त्यानं विचारलं.

"चालेल. पळणार नाही."

"मग?"

"पळता येत नाही त्याला रानात सोडता येत नाही, छोट्या. इथंच राहील. आयुष्यभर."

काहीतरी करायला हवं होतं. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. याच्यासाठी मी बांधतो, म्हणाला. मागच्या बाजूला, माती असलेलं, सावलीचं, ऐसपैस. उद्याच आखणी करतो. तू फक्त माप सांग.

"कोल्ह्याला किती जागा लागते?"

ताईनं मान वर न करता हनुवटीनं खिडकी दाखवली. "ती टेकडी दिसते?"

"हो."

"तिच्या पलीकडे नदी आहे. रात्रीतून तिथवर जाऊन परत येतात."

त्यानं टेकडीकडे पाहिलं. मग टेकडीच्या अलीकडे, त्यानं बांधलेल्या कुंपणाच्या भिंतीकडे.

"एवढी जागा आपल्याकडे नाही, ताई."

"नाही," ती म्हणाली. "तू पाय धर. मला बँडेज बांधायचंय."