त्रास होतो का?

मित्रांनो, आरोग्य खात्याच्या कचेरीमागच्या चिंचेखाली जिच्यावर चढून तुम्ही तोंडानं 'पों पों' करता ना, ती जुनी गंजकी जीप मीच. माझी चाकं गेली, हॉर्न गेला. जरा स्टिअरिंग सोडा आणि माझं ऐका.

बाहत्तर साली मी नवी कोरी नाशिकला आले, तेव्हा काय तोरा होता माझा! बॉनेटला हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. यादव ड्रायव्हर मला रोज सकाळी पुसायचा आणि कुणी चिखलाचा पाय आत ठेवला की त्याच्यावर खेकसायचा. सुरगाण्याचा घाट मी एका दमात चढायचे. आपल्याला जमत नाही असं काही नाहीच, असं मला वाटायचं.

मग ब्याऐंशीच्या हिवाळ्यात सर्दीच्या पाहणीचं काम निघालं. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याबद्दल आयांना विचारायचे प्रश्न इंग्रजीत होते. आमच्या कचेरीतल्या लताबाईंनी ते मराठीत केले. फार जीव लावून केले हो! दुसऱ्या एका सरांनी ती मराठी परत इंग्रजीत फिरवली, तर शब्दाला शब्द जुळला. त्या दिवशी माझ्याच बॉनेटवर पेढ्यांचा पुडा सुटला. आता पाड्यांवर जाऊन तेच प्रश्न आयांना विचारायचे, आठ दिवसांनी पुन्हा विचारायचे, आणि उत्तरं जुळली की भाषांतर पक्कं. नियम मोठा कडक. छापलंय तेवढंच विचारायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. मूल जास्त आजारी आहे असं उत्तरांवरून दिसलं, तर त्याला आईसकट दवाखान्यात न्यायचं. त्यासाठी माझी मागची सीट रिकामी ठेवलेली असे.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर भागीबाईच्या दारात आम्ही थांबलो. तिनं तान्ह्या पोराला गोधडीत गुंडाळून माझ्या चाकापाशी उन्हात निजवलं. नाक गळतं का? होय. खोकला आहे का? होय. मग लताबाईंनी वाचलं, "श्वास घेताना मुलाला त्रास होतो का?"

"नाय बाई," भागीबाई कौतुकानं म्हणाली. "त्रास नाय देत. लय गुणाचा हाय. कालपासून रडला बी नाय."

लताबाईंनी मान खाली घालून 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात गोधडी सरकली आणि मला दिसलं. पोराचं पोट बरगड्यांखाली खोल आत जात होतं, भराभर वर येत होतं. अहो, कसला गुणाचा! रडायला त्याच्यात दमच उरला नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं. पण हॉर्न माझा असला, तरी दाबणारा हात दुसऱ्याचा. यादव तिकडे विडी ओढत उभा. भागीबाईनं गोधडी पुन्हा नीट केली.

निघायची वेळ झाली. मी ठरवलं, आज चालूच व्हायचं नाही. पण यादवनं मला इतकं चांगलं ठेवलं होतं की किल्ली फिरवताच मी सुरू झाले. मागची सीट रिकामीच घेऊन मी घाट उतरले.

आठ दिवसांनी पुन्हा त्याच दारात आलो. उन्हात गोधडी दिसली नाही.

"बाळ कुठंय?" लताबाईंनी विचारलं.

"गेला बाई. तुमी आल्या व्हत्या, त्याच राती."

लताबाईंनी हातातला कागद पुढे केला. "पण मी विचारलं होतं ना तुम्हाला, त्रास होतो का म्हणून..."

"त्रास कुठं दिला त्यानं?" भागीबाई म्हणाली. "पोट तेवढं लय उडत व्हतं. गप पडून व्हता बिचारा."

लताबाई माझ्या फूटबोर्डवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. भागीबाईच त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. नंतर लताबाईंनी तो प्रश्न खोडला आणि वर लिहिलं, 'पोट उडतं का?' पुढच्या पाड्यांवर तसंच विचारलं गेलं आणि माझी मागची सीट पुष्कळदा भरली. पण त्या दारावरून जाताना माझा जीव कासावीस व्हायचा, तो अगदी शेवटपर्यंत.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि मला इथे आणून टाकलं. मित्रांनो, मला पुसायला कुणी येत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. तुम्ही खुशाल मागच्या सीटवर उड्या मारा. पण घरात धाकटं भावंड सर्दीनं गप पडलं, तर गुणाचं आहे म्हणून सोडून देऊ नका. पांघरूण बाजूला करा, त्याचं पोट बघा आणि मोठ्यांना जोरानं हाक मारा. तुम्हाला हाक मारता येते. माझा हॉर्न तेव्हा अगदी चांगला होता, तरी मला ती मारता आली नाही.