दांडीच्या पलीकडची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. पण झोपायची नव्हे, उंच उडीची. माझ्यावर कुणी निवांत अंग टाकून घोरत नाही. मुलं लांबून धावत येतात, आडव्या दांडीवरून उडी घेतात आणि धप्पकन माझ्यावर आदळतात. जन्मभर मी दुसऱ्यांचं पडणं झेललं, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

माझा जन्म ताडपत्री शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. ज्या बाईने मला शिवलं तिच्या बोटांना घट्टे पडले होते. सुई आडवी गेली की ती टाका उसवून पुन्हा घालायची. "पोरं पडणार आहेत हिच्यावर, ढिलं ठेवून कसं चालेल?" असं स्वतःशीच बोलायची. माझ्या पोटात फोमचे थर ठासून भरले, वर निळं जाड कापड चढवलं आणि मला टेम्पोत घालून शाळेत धाडलं.

ती शाळा कॅथलिक सिस्टर चालवत. दगडी इमारतीच्या एका टोकाला चॅपल, दुसऱ्या टोकाला व्यायामशाळा. सकाळी चॅपलची घंटा झाली की सगळी शाळा प्रार्थनेला उभी राहायची. अशा वेळी हलू नये, असं मलाही वाटे. जसं काही मला हलता येत होतं!

मी आले त्या दिवशी खेळाच्या सरांना राहवलं नाही. गळ्यात सदा शिट्टी असायची म्हणून मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. "आधी मी बघतो कशी आहे ती," म्हणत ते धावत आले, दांडीसकट माझ्यावर कोसळले आणि त्यांचा चष्मा उडून थेट खिडकीशी गेला. मुलं पोट धरधरून हसली. सरही हसले. त्या हसण्याने मी त्या घरची झाले.

मग बरीच वर्षं माझी चंगळ होती. मला रोज झटकायचे, उन्हाला टाकायचे. एका वर्षी एका उंच, शांत मुलीने शाळेचा विक्रम मोडला. माझ्याभोवती एवढी गर्दी झाली की शेवटी थोरल्या सिस्टरांना टाळ्या वाजवून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. थोरल्या सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. विक्रमवाल्या मुलीचा फोटो व्हरांड्यात लागला. त्यात कोपऱ्यात माझीही निळी कड दिसते.

काही वर्षांनी तिची धाकटी बहीण त्याच शाळेत वरच्या वर्गात आली. हिचे पाय लांबलचक, चालणं टणाटण. वर्गाने तिचं नाव नाकतोडी ठेवलं, आणि तिनेही ते हसत मिरवलं. सुरुवातीला तिची उडी म्हणजे नुसती मौज होती. दांडी पाडली तरी खिदळायची, माझ्यावर कोलांटी मारायची आणि "सर, अजून एकदा!" म्हणून पळायची.

पण त्या फोटोसमोरून तिला रोज जावं लागे. शिट्टीसर म्हणायचे, "ताईची उंची गाठ, आंतरशालेय स्पर्धेची ढाल आपलीच." घरी तिचे पप्पा म्हणायचे, "विक्रम आपल्या घरातच राहिला पाहिजे." थोरल्या सिस्टरांची शिस्तही अशी, की अभ्यासात पुढे असणाऱ्याने गायनवृंदात असावं, वक्तृत्वात असावं, वृद्धाश्रमातल्या सेवेला जावं आणि खेळातही नाव काढावं. त्या काही वाईट नव्हत्या. मुलांवर त्यांचा जीव होता. फक्त दिसली कळशी की काठोकाठ भरायची, हा त्यांचा स्वभाव.

नाकतोडीने कशालाच नाही म्हटलं नाही. हळूहळू तिचं खिदळणं थांबलं. मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडत तेव्हा ती एकटी व्यायामशाळेत येऊ लागली. स्वतःच दांडी चढवायची, धावायची, पडायची. आणि पडली की उठायची नाही. माझ्या कापडात तोंड खुपसून रडायची, आवाज न करता. मित्रांनो, माझ्यावर शेकडो पोरं पडली असतील. अंगाचं वजन मी सहज पेलते. पण ते दबलेलं रडणं मला पेलवेना. मी गादी, मी कुणाला हाक मारणार?

एकदा ती पडली ती पाय वेडावाकडा करूनच. घोटा टम्म सुजला. तिने मोजा वर ओढला, दोनदा फरशीवर चालून पाहिलं आणि चेहरा पुसून वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. लंगडत.

तेव्हाच दारातून धाकट्या सिस्टर आत आल्या. मुलांच्या मनात काय चाललंय ते बघण्याचं काम त्यांच्याकडे होतं. गायनवृंदाचे वह्या ठेवायचे स्टँड न्यायला आल्या होत्या, पण तिला पाहून त्यांनी ते तसेच राहू दिले आणि आपला झगा सावरत सरळ माझ्यावर येऊन बसल्या.

"मी ठीक आहे, सिस्टर," नाकतोडी घाईघाईने म्हणाली.

"बरं. मग मी जरा बसते. माझेच पाय दुखतायत."

त्यांनी चपला काढून पाय पसरले. मग सिस्टर म्हणाल्या, "डबा खाल्लास?"

"भूक नाही."

"कालही नव्हती?"

नाकतोडीने मान खाली घातली. नखाने माझी शिवण कुरतडत ती म्हणाली, "मला उडी आवडायची, सिस्टर. खूप आवडायची. आता डोळे मिटले तरी दांडीच दिसते. मी नाही म्हटलं तर सगळे म्हणतील, ताई किती चांगली होती."

"पाय दाखव बघू."

मोजा खाली सरकला तशा सिस्टर चुकचुकल्या. "हे मला लपवता येणार नाही, बाळा. सरांना आणि घरी सांगावंच लागेल. पण कोण सांगणार, ते तू ठरव. मी सांगू?"

नाकतोडीने दांडीकडे पाहिलं. मग तिने नाक पुसलं आणि पाठ ताठ केली. "नको. मीच सांगते. तुम्ही फक्त तिथे थांबा."

"हलणारसुद्धा नाही," सिस्टर म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर पप्पा तिला न्यायला येत. सिस्टरांनी त्यांना आणि शिट्टीसरांना व्यायामशाळेतच बोलावलं. पप्पांना वाटलं, लेकीची तयारी दाखवणार. उत्साहाने हात चोळत आले. सरांनी दांडी ताईच्या उंचीला लावली.

नाकतोडी धावायच्या रेषेवर उभी राहिली. पण धावली नाही. लंगडत खांबापाशी आली, दोन्ही हातांनी दांडी उचलली आणि जमिनीवर ठेवली.

"मी स्पर्धेला जाणार नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही.

"म्हणजे?" पप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगं, हाताशी आलेलं सोडतेस? लोक काय म्हणतील?"

"माझा पाय सुजलाय, पप्पा. आणि पाय बरा असता तरी या वर्षी मी ताईच्या विक्रमासाठी उडी मारणार नव्हते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रोज विचारायचात, आज किती उडालीस. बाकी काही विचारलंच नाहीत."

 पप्पांची नजर घोट्यावर गेली. ते माझ्या कडेवर टेकले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि हलक्या हाताने मोजा काढला.  "फार दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं. मग मात्र नाकतोडी मोठ्याने रडली. मला हायसं वाटलं.

शिट्टीसर बाजूला उभे होते. "मी दांडीकडेच बघत राहिलो," ते म्हणाले. "पायाकडे बघायला हवं होतं. चुकलंच माझं."

त्या वर्षी ढाल दुसऱ्या शाळेत गेली. धाकट्या सिस्टरांकडून सगळं कळल्यावर एका सकाळी प्रार्थनेनंतर थोरल्या सिस्टर उभ्या राहिल्या, नाकतोडीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पण कितीही हुशार मूल असलं तरी मनाजोगता एकच उपक्रम निवडावा आणि मधल्या सुट्टीत कुठलाही सराव नको, असं त्यांनी सांगितलं. काही पालक कुरकुरले. "शाळेचं नाव खाली येईल," म्हणाले. थोरल्या सिस्टर एकदा ठरलं की मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "मग येऊ दे," एवढंच म्हणाल्या.

पाय बरा झाल्यावर नाकतोडी परत आली ती अगदी खालच्या उंचीपासून. पुढे चांगली उडायला लागली, पण ताईचा विक्रम तिच्याकडून शेवटपर्यंत मोडला गेला नाही. शेवटच्या वर्षी तिने तो मोडायचा खूप प्रयत्न केला, स्वतःच्या हौसेने. दांडी पडली तशी माझ्यावर पालथी पडून खदाखदा हसली.

त्यानंतर नवी, जाडजूड गादी आली. मला भिंतीला उभं करून ठेवलं. अंगावर धूळ बसली, उंदरांनी एक कोपरा कुरतडला, कुणी टवाळाने पेनने माझ्यावर मिशा काढल्या. भंगारवाला बोलावणार, असं कानावर आलं तेव्हा मी खचले, खोटं कशाला सांगू? पण धाकट्या सिस्टरांनी मला मागून घेतलं. फाटका कोपरा स्वतः शिवला, टाके जरा वाकडे आहेत, आणि मुलांशी बोलायच्या आपल्या खोलीत मला जमिनीवर अंथरलं. आता इथे कुणी उडी मारत नाही. मुलं येतात, चपला काढतात आणि बसतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना उन्हात टाका, उसवलं तर टाका घाला. आम्ही पुष्कळ वर्षं पुरतो. आणि तुमच्यापैकी कुणी भरलेला डबा तसाच परत नेत असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. लगेच शहाणपण शिकवू नका. बसा नुसते. आणि तो डबा तुमचाच असेल, तर जिथे कुणी ऐकेल तिथे तोंड उघडा. आवाज कापला तरी चालतो.

आज सकाळपासून एक नवी मुलगी माझ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे. अजून एक शब्द बोललेली नाही. सिस्टर समोर बसून बटण शिवतायत. दोघींनाही घाई नाही. मलाही नाही.