संपतरावांचा शौक

आश्विनातलं ऊन तापू लागलं, की आखाडा बाळापुरात संपतरावांच्या माळवदावर कापडांचा बाजार मांडल्यासारखा दिसे. कशिदा भरलेल्या चोळ्या, तांड्यावरच्या बायका डोक्यावर घेतात त्या आरसे टाचलेल्या फडक्या, जुन्या सतरंज्या, धनगरी लोकरीची अंथरायची जाडजूड जेनं. भागाबाई एकटीच ती पसरायची, झटकायची आणि ऊन कलल्यावर घडीत कडुनिंबाचा पाला घालून पेटाऱ्यांत भरायची. घरात गडी होते, मोलकरणी होत्या. पण या कामाला दुसरं कुणी बोट लावत नसे. कारण ही सगळी कापडं विधवांची होती.

निजामाचं राज्य होतं, १९४१ साल होतं, बाळापुरातून मोटारी जाऊ लागल्या होत्या. पण एक चाल मात्र जागची हलली नव्हती. नवरा गेला, की लग्नात अंगावर घातलेलं, अंथरलेलं, आईच्या नाहीतर स्वतःच्या हातचं सगळं कापड बाईनं घराबाहेर काढायचं. अंगातली चोळीसुद्धा उतरवायची, आणि ती उतरवायला दुसरी विधवाच बोलवायची. सवाष्णीनं अशा कापडाला शिवलं तर तिचं कुंकू पुसतं, पुरुषानं शिवलं तर त्याचं आयुष्य सरतं, असं सगळे धरून चालत. पूर्वी ही कापडं कयाधू नदीत सोडून देत.

भागाबाईचे धाकटे भाऊ संपतराव तरुणपणी हैदराबादेला गेले, तिथं एका नवाबाच्या दिवाणखान्यात त्यांनी भिंतीवर टांगलेला जुना कशिदा पाहिला आणि हा शौक जडला. गावोगाव निरोप गेला, ‘नदीत सोडू नका, आमच्याकडं पाठवा.’ लोकांचीही बला टळली. कापड आणून देणार कोण, तर ज्या बाईचं कपाळ कालपरवा पांढरं झालं तीच. ती स्वतःचं गाठोडं डोक्यावर घेऊन यायची, ओट्यावर ठेवायची आणि मागे न बघता जायची. मग संपतराव बाजेवर बसून भागाबाईला वेताच्या काठीनं दाखवायचे, ‘ते उलगडा, हे पालथं करा.’ नक्षीचं कौतुक करताना त्यांचे डोळे भरून येत. कापड आणणारीचं नाव मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. कसर लागू नये म्हणून माणूस एवढा जीव टाकतो आणि बाई कशी जगते याची चौकशीही करत नाही, याला शौक म्हणायचं की आणखी काही, ते वाचणाऱ्यानंच ठरवावं.

भागाबाई स्वतः लहानपणीच विधवा झालेली. म्हणून पेटाऱ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या आणि आसपासच्या गावांतून चोळी उतरवायला बोलावणंही तिलाच यायचं. ती जायची. डोळे मिटून गाठ सोडायची आणि घरी येऊन जेवायची नाही.

त्या पावसाळ्यात संपतरावांची लेक सिंधू कुरुंद्याहून माहेरी परत आली. सतरा वर्षांची पोर, नवरा तापानं गेलेला. सासरच्यांनी तिचं बाकीचं सगळं काढून घेतलं. पण येताना तिनं लुगड्याच्या पदराखाली आपली चोळी लपवून अंगात तशीच ठेवली होती. लग्नाआधी आत्याच्या शेजारी बसून तिनं ती भरली होती, लाल खणावर हिरव्या रेशमाचे राघू. आई पार्वतीबाईनं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

एका सकाळी संपतराव खुशीत येऊन म्हणाले, "आक्का, उद्या हैदराबादचे साहेब येऊन राहिले. आपला सगळा माल बघायचा म्हणतेत. मधल्या भिंतीवर सिंधूची चोळी लावा. तसली बारीक टीप अख्ख्या मुलखात न्हाई."

त्यांच्या बोलण्यात बापाचा अभिमान होता, हेच सगळ्यात भयंकर होतं.

"ती तिच्या अंगात हाय," भागाबाई म्हणाली.

"अजून? मग उतरवून घ्या. तुमचंच काम हाय ते. मला काहून सांगता?"

ते निघून गेले. सिंधू दाराआडून सगळं ऐकत होती. ती समोर आली आणि पाठ करून उभी राहिली.

"आत्या, तू काढ म्हणलीस तर मी हात वर करते. दुसऱ्या कुणाचं ऐकणार न्हाई. तू म्हण फक्त."

भागाबाईचे हात मागून पुढच्या गाठीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. किती पोरींच्या पाठी अशा समोर आल्या होत्या! एकीनंही तिला असं विचारलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, भावाचा आला आणि मग एकाएकी भीतीच निघून गेली.

"न्हाई म्हणत," ती म्हणाली. "पदर नीट घे आणि जेवायला बस."

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. संपतरावांच्या घरची बाई कधी बाजारात दिसत नसे. त्या दिवशी भागाबाई भर उन्हात, डोक्यावरचा पदरही न ओढता, थेट बाजाराच्या कडेला गेली. विधवांनी मधल्या ओळीत बसायचं नाही, म्हणून त्या तिथं ताक, कांदे, सरपण घेऊन बसत. ती प्रत्येकीशी दोन शब्द बोलली आणि परत आली. लोक बघत राहिले.

दुपारी साहेब आले. बैठकीत गालिचा होता, चहा होता, भिंती मात्र कोऱ्या. संपतराव चाचरत म्हणाले, "आत्ता लावतेत, साहेब," आणि बाहेर आले तर काय! भागाबाईनं एकेक पेटारा ओढत ओट्यावर आणला होता, झाकणं उघडी होती आणि समोर रस्त्यावर बायका उभ्या होत्या.

"आक्का, हे काय लावलंय?"

"ज्याचं त्याला देऊन राहिले."

"सटवाजी!" संपतराव ओरडले. "पेटारे आत घे!"

सटवाजी हा घरचा जुना गडी. तो दोन पावलं आला, थबकला आणि हात जोडून म्हणाला, "मालक, जीव मागा, देतो. पर ह्याला हात लावाया सांगू नका. घरात लेकरं हायत माझी."

दुसरा गडी तर केव्हाच गोठ्यात पळाला होता. मोलकरणी भिंतीला टेकल्या. भागाबाई मोठ्यानं म्हणाली, "त्याला काहून तकलीफ देतो, संपत? शौक तुझा हाय. तूच उचल. लाव हात!"

संपतरावांनी काठी पुढं केली. भागाबाईनं ती टोकाला धरून बाजूला सारली. मग त्यांनी हात पुढं केला. बोटं कापडाजवळ गेली आणि तिथंच राहिली. बाजारची माणसं जमली होती, सगळी बघत होती. संपतरावांनी हात मागं घेतला. ज्या चालीनं एवढी कापडं फुकटात घरी आणून टाकली, तिनंच त्यांचे हात बांधून ठेवले होते.

धनगरवाड्यातली भिकाबाई पहिल्यांदा पुढं आली. काळ्या लोकरीचं पांढऱ्या काठाचं जेन तिनं छातीशी धरलं. "माझ्या बापानं आपल्याच मेंढरांची लोकर इनून दिलतं मला," ती म्हणाली. "हिवाळाभर उघड्या भुईवर निजते मी, आन् हे तुमच्या पेटाऱ्यात!"

तिच्यामागं तांड्यावरची पेमा आली. तिनं आपली फडकी झटकली आणि सगळ्यांदेखत डोक्यावर घेतली. उन्हात आरसे लखलखले. कुणीतरी ओरडलं, "अगं, इपरीत हुईल!"

"काय हुईल?" पेमा त्याच्याकडं वळली. "नवरा तर मेला माझा. दुसऱ्यांदा मरतो का?"

मग कुणी थांबलं नाही. पेटारे रिकामे होऊ लागले. सिंधूही बाहेर आली, पदर मागं टाकून. हिरवे राघू सगळ्या गावानं पाहिले. बापानं मान खाली घातली.

पहिल्या पेटाऱ्याच्या तळाशी एकच कापड उरलं होतं, शौकाच्याही आधीचं, नदीत सोडायचं राहून गेलेलं. भागाबाई त्याच्याकडं बघत राहिली, उचलेना. तेव्हा आतून पार्वतीबाई आली. कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा. ती वाकली आणि तिनं त्या पेटाऱ्यात हात घातला.

"अगं, शिवू नको!" संपतराव किंचाळले. "मी जिता हाय!"

पार्वतीबाईनं कापड बाहेर काढलं. उभ्या जन्मात ती नवऱ्यापुढं बोलली नव्हती.

"तुमी जिते हाव, ते दिसतंय मला," ती म्हणाली. "माझी पोरगी बी जितीच हाय. ही तुमची बहीण बी. ते तुमाला कवा दिसणार?"

तिच्या हातात एक चोळी होती. पिवळ्या खणाची, काठाला मोराची पिसं भरलेली. दोन तळव्यांवर मावेल एवढीच. साहेब दारात येऊन उभे होते, त्यांनी हळूच विचारलं, "ये किस बच्ची की है?"

"माझी," भागाबाई म्हणाली.

तिनं ती चोळी दोन्ही हातांनी उंच धरली, गावाला दिसेल अशी. एवढ्या लहान अंगावरून कुणी कापड उतरवलं असेल, याचा तोवर कुणी विचारच केला नव्हता.

"आजपासून मला चोळी उतरवाया बोलावू नका," ती म्हणाली. "बोलावलं तर मी येईन. बराबर येईन. पोरीच्या पाठीशी उभी राहीन, आन् बघीन कोण हात लावतंय ते."